चाळीस घरांचं एकच उत्तर

२०१९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी हिंगणघाट सोडलं. टपरीवरच्या मंडळींनो, तुम्ही सगळे स्टेशनवर आला होता. मी ऐटीत सांगितलं, "महिनाभरात येतो, टपरीच्या बाकावरची माझी जागा कोणाला देऊ नका." गाडी हलल्यावर शुभा म्हणाली, "बाबा, कायमचे माझ्याकडे राहायला येताय, हे खरं का नाही सांगितलं?"

शुभा, माझी लेक, भोपाळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ती सांगते, "मी एका दुकानाचं नाही बाबा, अख्ख्या देशाचं बघते. महागाई का वाढते, ते." मी चौथी पास, जिनिंग कारखान्यात कापूस तोलायच्या काट्यावर जन्म काढलेला. अख्ख्या देशाचं बघणाऱ्या बाईला भेंडीचा भाव करता येत नाही, हे मी तिला रोज ऐकवतो. पण कोलार रोडच्या आमच्या कॉलनीत छाती काढून सांगायचो, "हमारी बेटी देश की महंगाई देखती है." लोक मला 'महंगाईवाले दादाजी' म्हणू लागले.

मागच्या वर्षी तिनं मोठा सर्वे काढला. पुढल्या वर्षी महागाई किती टक्के वाढेल असं वाटतं, हे घरोघरी विचारायचं. प्रमोशन त्याच्यावरच अडलेलं. आमच्या कॉलनीतली चाळीस घरंही त्यात होती. मला धास्ती, कोणी पन्नास म्हटलं तर पोरीचं नाक कापलं जाईल. महागाई बघते तीच ना! सर्वेच्या आदल्या दिवशी सगळ्या घरी जाऊन शुभाच्या तोंडून ऐकलेला आकडा पढवला, "पाच बोलना. बिटिया की इज्जत का सवाल है."

सगळे पाच बोलले. दुबेबाईंच्या बहिऱ्या सासूनं तर प्रश्नाआधीच पंजा दाखवला.

संध्याकाळी शुभानं कागद चाळले आणि डोकं धरलं. "बाबा, मला बरोबर उत्तर नको होतं. लोकांच्या मनात काय आहे, ते हवं होतं. आठवड्यात पुन्हा विचारलं नाही, तर ही घरं सर्वेतून गेली आणि प्रमोशनसाठीचा माझा पेपरही." मी म्हटलं, लोकांचं भलंच केलं, नाहीतर त्यांना काय येतं! ती शांतपणे म्हणाली, "हिंगणघाटला पण असंच. तुमच्या मनातलं टपरीवरच्या मंडळींना कधी सांगितलंत?"

मी जेवलो नाही. माफी मागायची सवय नाही मला. काट्यावर उभ्या माणसानं चूक कबूल केली की संपला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तुम्हाला फोन लावला आणि सांगितलं, बाकावरची जागा देऊन टाका, मी आता इथलाच. मग चप्पल घातली आणि दुबेबाईंची बेल वाजवली. दार उघडलं सासूनं. मला बघताच तिनं पुन्हा पंजा वर केला. मी तो हातात धरला, चार बोटं मिटवली, मग पाचवंही मिटवलं आणि कानाशी ओरडलो, "अम्मा, गलती मेरी थी. अब जो मन में आए, वही बोलना."