मोरीतला भात

आमच्या स्वयंपाकघरातली मोरी तुंबली की माझी नोकरी धोक्यात यायची. वाचणाऱ्याला हसू येईल, पण छप्पन्न-सत्तावन्नच्या सुमारास पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हे असंच होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. यांना ते चालत होतं, सासूबाईंना पसंत नव्हतं आणि मला त्यावाचून करमत नव्हतं. लग्न ठरतानाच मी नोकरीची अट घातली होती. ती सगळ्यांनी कबूल केली होती, त्यामुळे सासूबाईंना सरळ नको म्हणता येईना. मग मोरी त्यांच्या मदतीला धावून आली.

मोरी म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपरा, वीतभर कठडा घातलेला. तिथेच भांडी घासायची, तिथेच हात धुवायचे. भिंतीत एक भोक, त्याला पलीकडून खापरी नळ जोडलेला, आणि त्या नळाचं पाणी परसातल्या अळवाला. त्या वर्षी गणपती झाले आणि पाणी जाईनासं झालं. म्हणजे जायचं, पण रडतखडत. संध्याकाळी भांडी घ्यावीत तर घोटाभर गढूळ पाणी साचलेलं असायचं आणि वर राख तरंगत असायची.

सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं. मी सकाळी शाळेच्या घाईत भांडी घासते, राख आणि नारळाचा काथ्या तसाच मोरीत सोडते, म्हणून ती तुंबते. पहिल्यांदा तुंबली तेव्हा हे त्या माझ्याशी बोलल्या, दुसऱ्यांदा यांच्याशी आणि तिसऱ्यांदा शेजारणीशी. यांना घरात शांतता हवी असे, ती कशी मिळते याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर सोड शाळा, रोजची कटकट तरी संपेल. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. भिंतीतल्या एका भोकापायी माझी शाळा जाणार होती.

मी हात टेकले नाहीत. धुण्याचा सोडा टाकून आधणाचं पाणी ओतलं. बांबूची कामटी घातली, ती हातभर आत गेली आणि कशात तरी रुतून बसली. हलवून हलवून काढली तर टोकाला चिकट काहीतरी लागलेलं. दोन दिवस पाणी बरं जायचं आणि तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. शेवटी मी भांडी परसात दगडावर नेऊन घासायला लागले. राखेचा कण मोरीत जाऊ देत नव्हते. तरी मोरी तुंबली. तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला.

एका रविवारी मी पदर खोचला आणि परसात जाऊन नळच काढायला घेतला. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मोरीत हात घालणं हे पुरुषांचं काम असू शकतं, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. जवळच्या खेड्यातली एक आगरी बाई आमच्याकडे भाजी घेऊन यायची. तिने माझी चाललेली झटापट पाहिली, पाटी खाली ठेवली आणि न सांगता हात लावला. दोघींनी मिळून खापरी नळाचा पहिला तुकडा भिंतीपासून सोडवला. तिने दुसऱ्या टोकाने काठी ढोसली आणि आतला बोळा अळवात पडला. आंबूस वास सुटला. पांढरट, करड्या रंगाचा घट्ट लगदा होता. तळाशी माझी जुनी राख, आणि तिच्यावर थरांवर थर शितांचे.

ती उकिडवी बसली, काडीने तो लगदा उलगडला आणि म्हणाली, "बाय, ह्यो तर भात हाय. आन नुसता टाकलेला नाय वाटत. चावलेला हाय."

तिचं शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण डोक्यात शिरू दिलं नाही. भात, एवढंच मला दिसत होतं. आमच्या घरात ताटाबाहेर शीत पडलं तर सासूबाई ते उचलून खायला लावत. रेशनच्या तांदळातले खडे वेचत घालवलेले दिवस कुणी विसरलं नव्हतं. अन्न म्हणजे पूर्णब्रह्म, हे मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते शब्द कानावर पडले तरी मला चीड यायची. आणि त्या घराच्या मोरीत मूठमूठ भात. दुपारी मी शाळेत, हे कचेरीत. घरात एकट्या सासूबाई. कोणी टाकला हे विचारायला ज्योतिषी नको होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं मी मनाशी म्हटलं आणि तशाच बरबटलेल्या हातांनी आत गेले.

सासूबाई सोवळ्यात चुलीपुढे होत्या. मी दारातूनच म्हणाले, "आई, मोरीत भात तुम्ही टाकता. माझी शाळा सुटावी म्हणून."

माझा आवाज चांगलाच चढला असावा, कारण हे पेपर हातात घेऊन आले. सासूबाईंनी वरण ढवळलं, पळी ताटलीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हो. मीच टाकते."

त्या नाकारतील, भांडतील, रडतील, या सगळ्याची माझी तयारी होती. कबुलीची नव्हती. यांचा तर चेहराच उतरला. आपली आई अन्न टाकते, यापेक्षा ती चोरी करते असं कळतं तरी त्यांना सोसलं असतं. ते बाहेर निघून गेले. मला मात्र कोर्टात दावा जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि जिंकून माझं समाधान झालं नव्हतं.

आता सासूबाईंच्या जेवणाची रीत सांगायला हवी. सासरे गेल्यापासून त्या दिवसातून एकदाच जेवत, तेही सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर, सोवळ्यात, भिंतीकडे तोंड करून. रात्री फक्त कपभर दूध. त्या जेवत असताना स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे लग्नाला तीन वर्षं होऊनही मी त्यांना जेवताना कधी पाहिलं नव्हतं. श्रावणापासून त्या वाळत चालल्या होत्या, ते दिसत होतं. पण चातुर्मास चालू होता, उपास असतील, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

त्या रविवारी आमची जेवणं झाल्यावर मी आडवी झाले नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, जा, पड जरा. मी हलले नाही.

"आज मी इथेच बसणार," मी म्हणाले. "भात पोटात जातो की मोरीत, ते मला बघू द्या."

हे मी म्हणाले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पण ती काही सबब नाही.

त्यांनी ताट वाढून घेतलं. दोन डाव भात, त्यावर वरण. भात इतका कालवला की त्याची पेज झाली. पहिला घास तोंडात घेऊन त्या खूप वेळ चावत राहिल्या. मग मान पुढे काढून गिळला, आणि छातीवर हात दाबून तशाच थांबल्या. पाण्याचा घोट घेतला. काही वेळाने घास परत वर आला, तो त्यांनी ओंजळीत घेतला आणि पदराआड केला. हे नाटक आहे असं मला वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा घास घेतला. या वेळी घशातून एक आवाज आला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उठावं, नको म्हणावं, हे कळत होतं, पण मला बसल्या जागचं उठता येईना. त्यांनी तिसरा घास घेतला. तेव्हा मी धावले, सोवळ्या-ओवळ्याचा विचार न करता त्यांचा हात धरला आणि ताट बाजूला सारलं. हातात नुसतं हाड लागलं. मी सोवळ्यात शिवले तरी त्या रागावल्या नाहीत, याची मला सगळ्यात जास्त धडकी भरली.

श्रावणापासून घास उतरत नव्हता. आधी कोरडी पोळी अडायची, मग भात, आता कालवलेला भातही. सांगितलं असतं तर मुंबईला नेलं असतं, इस्पितळात परक्यांच्या हातचं खावं लागलं असतं, घशात नळ्या घातल्या असत्या. त्यापेक्षा आपोआप बरं होईल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. रोज वाटायचं, आज उतरेल. उष्टं गाईला घालता येत नाही, परसात टाकलं तर शेजारीण बघेल, म्हणून मोरी. हे सगळं त्यांनी तुटक तुटक, माझा हात धरून सांगितलं.

मग म्हणाल्या, "मी तुझी शाळा सुटावी म्हणत होते, ते मोरीसाठी नव्हतं गं. दुपारी जेवायला बसले की भीती वाटते. घशात अडकलं तर घरात कुणीच नसतं."

एवढं साधं होतं. ते मला सरळ का सांगितलं नाही, हे विचारायला मला तोंड नव्हतं. मी कशी सून होते, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि नुकतंच मलाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे त्यांना मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. मी बिनपगारी रजा घेतली आणि दुपारी त्यांच्याजवळ बसत गेले. आधी पेज, मग दूध, मग दूधही चमच्याने. शिमग्याच्या आधी त्या गेल्या. माझी शाळा सुटली नाही. पुढे मी पुष्कळ वर्षं शिकवलं, आणि मुलींनी मला कडक पण चांगली बाई म्हटलं.

लोक म्हणतात, तू त्यांची केवढी सेवा केलीस. चार महिने केली, हे खरं आहे. पण त्या रविवारचे तीन घास माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. पहिला घास त्यांनी रोजच्यासारखा, आज उतरेल म्हणून घेतला असेल. पुढचे दोन त्यांनी मी बघत होते म्हणून घेतले.