रविवारी अकराचा घरमालक

साऱ्या इंग्लंडात आपल्याच भाडेकऱ्याच्या दारात पाहुण्यासारखा चिवड्याचा डबा घेऊन उभा राहिलेला घरमालक एकच झाला असेल, आणि तो माझा व्याही निघाला. मी चौथी शिकलो आणि कॉव्हेंट्रीच्या ओतशाळेत अडतीस वर्षं लोखंड ओतलं. व्याही पुण्याचे, छातीचे डॉक्टर, इतके शिकलेले की त्यांच्या नावामागची अक्षरं नावापेक्षा लांब. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत गेली, घर मेडनहेडला. माझ्या मुलानं त्यांची मुलगी केली म्हणून आम्ही एका टेबलाशी बसलो. नाहीतर बसलो असतो ते एवढ्याचसाठी, की मी खोकणारा आणि ते तपासणारे.

रिटायर झाले त्याच वर्षी त्यांची बायको गेली. माणूस बागेत जाईना, टीव्ही लावीना. सूनबाईला काळजी पडली. मग एक दिवस फोन आला, की मी आता घरं भाड्यानं देण्याचा धंदा करणार. रीडिंगच्या एका हॉटेलात दोन दिवसांचा वर्ग होता, तिथं चकचकीत सूट घातलेला, त्यांच्या मुलीपेक्षा लहान असा एक पोरगा शिकवायला. त्यानं पहिल्याच तासाला सांगितलं, की घर घेताना डोकं आणायचं, काळीज घरी ठेवायचं. आमच्या डॉक्टरांनी हे वाक्य फाउंटन पेननं उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती वही त्यांनी मला दाखवली. मी म्हटलं, वही छान आहे. रेघा मारल्या म्हणून काळीज ऐकतं होय!

मेडनहेडला जेवढ्यात मोटारीचं गॅरेज येतं तेवढ्यात कॉव्हेंट्रीला वर-खाली मिळून चार खोल्या यायच्या. म्हणून ते इकडं वळले, आणि घरं दाखवायला मी. घराची भिंत सरळ आहे का, छपराची कौलं कुठं सरकलीत, हे मला बाहेरूनच कळतं, त्याला कॉलेज लागत नाही. पण त्यांची तऱ्हा निराळी. ते आत शिरत, कोट काढत, डावा पंजा भिंतीवर पालथा ठेवत आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठक ठक वाजवत, रोग्याची छाती वाजवतात तसं. मग कान लावत. एजंट मुलगी माझ्याकडं बघायची, मी छताकडं बघायचो. एका घरात, मागच्या खोलीत, त्यांनी तीनदा वाजवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणे, इथं पाणी आहे." मी म्हटलं, भिंत ठणठणीत कोरडी आहे, मी हात लावून बघितलाय. पुढं सर्व्हेयर आला, त्यानं यंत्र लावलं, आणि नेमक्या त्याच जागी ओल निघाली. ते घर आम्ही सोडलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी फार बोललो नाही.

अशी सतरा घरं वाजवून झाल्यावर त्यांनी घेतलं ते माझ्या घराच्या बरोब्बर समोरचं. गल्लीच्या या बाजूला मी, त्या बाजूला त्यांचं घर. कारण विचारलं तर म्हणाले, लोकेशन चांगलं आहे. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता येणं-जाणं होईल. बोललो नाही. आपण होऊन असं कुणाला म्हणायची मला सवय नाही.

मग भाडेकरू. एजंट म्हणाली, पगाराचे कागद बघा, आधीच्या मालकाचं पत्र बघा. हे विचारत बसले, आई-वडील कुठं असतात, भावंडं किती, स्वयंपाक घरी करता ना. दोन नोकरदार पोरं या प्रश्नांनी घाबरून परत गेली. तिसरं जोडपं पोलंडचं. तेव्हा तिकडची मंडळी नुकतीच यायला लागली होती. नवरा मारेक गोदामात रात्रपाळीला, बायको आन्या बेकरीत, आणि तिला सहावा महिना. आन्यानं दारात पाऊल ठेवण्याआधी, कुणी न सांगता, बूट काढले आणि जोडीनं भिंतीकडेला लावले. डॉक्टर एजंटला म्हणाले, कागद करा. तिनं पगाराचं विचारलं तर म्हणाले, "जिनं बूट बाहेर काढले ती घर सांभाळील." एजंटनं हे कुठल्या रकान्यात लिहिलं देव जाणे. ते राहायला येण्याआधी डॉक्टरांनी स्वयंपाकघरात तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ भरून ठेवलं. लेकीला सासरी धाडताना माणूस जसं सगळं दोनदा तपासतो, तसं त्यांनी त्या घराचं केलं.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी अकरा वाजता त्यांची गाडी माझ्या दारात उभी राहिली, ते उतरले, मला हात केला आणि समोर गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही. भाडेकऱ्याच्या घरात जायचं तर चोवीस तास आधी लेखी कळवायचं, असा इथला कायदा. हे कायद्याचे पक्के. दर गुरुवारी मेडनहेडच्या पोस्टात पत्र टाकायचे, सुंदर अक्षरात, की रविवारी अकराला येत आहे, कृपया काही त्रास घेऊ नये. दीड तास गाडी हाकत यायचे. हातात चिवडा, कधी बेसनाचे लाडू. आत तासभर बसायचे, घर छान ठेवलंय म्हणायचे, आन्याला कोमट पाणी प्यायला सांगायचे. मग माझ्याकडं दहा मिनिटं, तीही उभ्या उभ्या, आणि त्यात सगळी त्यांचीच वर्णनं. आज तिनं सफरचंदाचा केक केला, आज त्यानं बागेतलं गवत कापलं. "फार जीव लावतात हो," म्हणायचे. माझ्या बागेतलं गवतही मीच कापतो, ते कुणी बघितलं नव्हतं.

मला खिडकीतून दिसायचं ते त्यांना आतून दिसत नव्हतं. रविवारी सकाळी साडेसातलाच आन्या वाढलेलं पोट सांभाळत पायऱ्या घासायची. मारेक रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले, तो खिडक्या पुसायचा. बाळ झालं तरी हे थांबलं नाही. आपल्याकडं घरात माणूस आला की आपण पसारा लोटतो आणि या म्हणतो. त्यांना वाटे, मालक आला म्हणजे चूक शोधायला आला.

पाचव्या महिन्यात एका शनिवारी डॉक्टर न कळवता माझ्याकडं आले. हातात त्यांच्या भाडेकऱ्यांचं पत्र. सहा महिन्यांचा करार संपला की आम्ही घर सोडतो, आभारी आहोत, एवढंच. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "माझं काय चुकलं, पाव्हणे? मी कधी आवाजसुद्धा चढवला नाही."

वर्गात शिकवलेलं त्यांनी सगळं केलं होतं. बँक, विमा, गॅसचं सर्टिफिकेट. दुसरे भाडेकरू आठवड्यात मिळाले असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांना दुसरे नको होते. मी चपला घातल्या आणि समोर गेलो.

माझं इंग्रजी ओतशाळेचं. त्यात क्रियापदं कमी, पण काम होतं. आन्यानं आत घेतलं. तिनं कपाटातून बुटाचा खोका काढला. त्यात डॉक्टरांची सगळी पत्रं, वीस-बावीस असतील, तारखेप्रमाणं लावलेली. आधीच्या मालकानं त्यांना ऐन थंडीत बाहेर काढलं होतं, म्हणून या वेळी पुरावा ठेवलेला. ती म्हणाली, दर आठवड्याला येतात, सगळं छान म्हणतात, आणि पुन्हा येतात. काय शोधतात ते? आम्ही काय केलं?

मी म्हटलं, काही शोधत नाहीत. त्यांची बायको गेली.

एवढंच म्हटलं. मला तरी दुसरं काय येतं. तिनं खोक्याला झाकण लावलं. मारेक जिन्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, सहा रात्री मी कामाला, ही दिवसा. आम्ही तिघं एकत्र असतो तो रविवार. तेवढा एक दिवस आम्हाला झोपायचं असतं. तेवढं मिळालं तर आम्ही कुठं जात नाही.

गल्ली ओलांडून परत येताना मला ती फार रुंद वाटली. डॉक्टर दारातच उभे.

"जातायत?"

"राहतील. पण तुम्ही जायचं नाही."

"म्हणजे या रविवारी?"

"कुठल्याच नाही. बोलावल्याशिवाय नाही, डॉक्टर. त्यांना झोपायचं असतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढा शिकलेला माणूस, शेकड्यांनी माणसांना वाईट बातमी सांगितलेला, पण स्वतःला ऐकताना अगदी लहान दिसला. म्हणाले, "मग रविवारी मी करायचं काय?"

बारा वर्षं मी एकटा जेवतोय. कुणाला या म्हटलं नव्हतं, मुलालासुद्धा नाही. त्याला वाटलं तर तो येईल, असा माझा हिशेब. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं.

"इथं या. पिठलं-भाकरी करतो मी. मला येते."

चार वर्षं ते दर रविवारी अकराला माझ्याकडं आले. पत्र न टाकता. माझी भाकरी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या बोटानं वाजवून बघितली आणि म्हणाले, निर्दोष आहे. समोरच्या घराबद्दलचा शब्द त्यांनी मोडला नाही. बाळाच्या वाढदिवसाला बोलावणं आलं तेव्हा गेले, या म्हणेपर्यंत पायपुसण्यावर थांबले, तासाभरानं घड्याळ बघून उठले. एरवी माझ्या पुढच्या खोलीत बसायचे ते खिडकीला पाठ करून. मी म्हटलं, अहो, बघायला काय हरकत आहे, आपलंच घर आहे. म्हणाले, "नको. बघणं म्हणजे पण जाणंच."

आता त्यांची नजर अधू झाली. गाडी चालवणं बंद झालं, सूनबाईनं त्यांना रीडिंगला आपल्याकडं नेलं. घराचं सगळं एजंट बघते. रविवारी अकराला फोन वाजतो. ते माझा गुडघा विचारतात, हवा विचारतात, समोरचं एक अक्षर विचारत नाहीत. मग दोघांकडचं बोलणं संपतं, पण फोन कुणी ठेवत नाही. मी खिडकीशी जातो. पडदे अजून ओढलेलेच आहेत म्हणतो. लाल छोटी सायकल पायरीला टेकवलीय. दूधवाल्यानं बाटल्या ठेवल्यात, उचललेल्या नाहीत.

मग ते म्हणतात, "झोपू दे, झोपू दे."