मोटार नसलेली वाट

पिंपळनेरला माझं सायकलीचं दुकान आहे. माणूस सायकलशी कसा वागतो यावरून तो कसा आहे ते मला कळतं, अशी माझी घमेंड होती. अमृतलालनं ती उतरवली.

अमृतलाल म्हणजे आमच्या गल्लीतल्या राजकुंवरबाईंचा धाकटा मुलगा. मारवाडी जैन घर, पुढच्या खोलीत किराणा आणि कापडाचं दुकान. पण हा गादीवर कधी टिकला नाही. सकाळ झाली की सायकलच्या कॅरिअरवर मीठ, गूळ, चहापत्ती, काडेपेट्या आणि दोन-चार लुगडी बांधायची आणि पश्चिमेच्या डोंगरातले पाडे गाठायचे, हा त्याचा धंदा. येताना चारोळी नाहीतर डिंक घेऊन यायचा. मध मात्र कोणी फुकट दिला तरी घेत नसे, त्यांच्या धर्मात तो बसत नाही.

यात नवल काही नाही. नवल हे की गावात तो सायकलवर बसायचाच नाही. बाजारातून सायकल हातात धरून चालायचा, नाक्यावरून चालायचा, पुलावरूनही चालायचा. नदी मागे पडून डोंगराची पायवाट लागली की मग टांग मारायचा. संध्याकाळी परत त्याच जागी उतरायचा. टवाळांना आयतंच सापडलं होतं. एकानं तर त्याला भर बाजारात विचारलं होतं, "शेठ, सायकल पंचर शे का तुमनी?" अमृतलाल हसून पुढे जायचा. लग्न जमलं नाही त्याचंही एक कारण हेच. सायकल हातात धरून चालणारा जावई कोणाला हवा असतो?

कारण सगळ्यांना माहीत होतं. एकसष्ट साली साक्रीच्या रस्त्यावर त्याचा थोरला भाऊ शांतीलाल सायकल चालवत होता आणि हा मागे कॅरिअरवर बसला होता. ट्रकनं मागून उडवलं. शांतीलाल जागच्या जागी गेला, याला नुसतं खरचटलं. त्याच चौमाशात राजकुंवरबाई याला घेऊन जैन स्थानकात गेल्या आणि तिथं मुक्कामाला असलेल्या साधूंसमोर, महाराजसाहेबांसमोर, त्यानं नियम घेतला, की ज्या वाटेवर मोटार चालते त्या वाटेवर जन्मभर सायकलवर बसणार नाही. त्यांच्यात असे नियम घेतात. कोणी हिरवी भाजी सोडतं, कोणी रात्रीचं पाणी सोडतं. नियम एकदा घेतला की तो मोडणं म्हणजे फार मोठं पाप.

मला व्रतांचा राग नाही. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या व्रताचा आहे. एक मुलगा गेला म्हणून दुसऱ्याचे पाय बांधून ठेवायचे, ही कसली माया? मी हे चारचौघांत बोलायचो. बाईंच्या कानावर जात असेल, पण त्या मला कधी काही म्हणाल्या नाहीत. दुकानावरून जाताना पदर सारखा करायच्या आणि खाली मान घालून निघून जायच्या. मला वाटायचं, खरं बोललेलं झोंबतंय.

एकदा हट्टानं मी त्याच्याबरोबर पाड्यापर्यंत गेलो. सायकली विकणारा मी, पण त्या वाटेवर माझी भंबेरी उडाली. मुरूम, बारीक गोटे, मध्येच ओढ्याची वाळू. सागाची झाडं दोन्ही बाजूंना, आणि आवाज म्हणाल तर चाकाखालच्या खड्यांचा तेवढा. खिंडीपर्यंत चढण, मी धापा टाकत उतरलो, हा मात्र उभा राहून पायडल मारत वर गेला. खिंडीच्या पलीकडे उतार लागला आणि मला दुसराच अमृतलाल दिसला. ब्रेक सोडलेले, धोतराचा सोगा वाऱ्यावर, घंटी वाजवतोय, मोठ्यानं स्तवन म्हणतोय. गावात ज्याच्या तोंडून धड दोन वाक्यं निघत नाहीत तो हा माणूस. खाली पोचल्यावर मला म्हणाला, "तोतारामभाऊ, ही वाट आहे म्हणून मी आहे." इतकं उघड त्याच्या तोंडून मी दुसरं काही ऐकलं नाही.

पाड्यावर त्याचा दोस्त होता पुना. पुनाच्या अंगणात तो माल मांडायचा, आपला डबा खायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचा. पुनाची लेक बेबा बाळंतपणाला माहेरी आली होती. अडली. चार जणांनी काठीला झोळी बांधून तिला खाली दवाखान्यात न्यायला काढलं. त्याच सकाळी अमृतलाल वर निघाला होता. खिंड ओलांडून तो उतारावर आला, घंटी वाजवत, नेहमीसारखा गात. वळणावर झोळी खाली टेकवलेली होती. पुना शेजारी बसला होता. बेबा गेलेली होती आणि पोटातलं पोरही. अमृतलाल मला सांगत होता, की ब्रेक दाबायलाही त्याला क्षणभर सुचलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्याची घंटी वाजली नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, पाड्यांवर लोक कंद उकडून खाऊ लागले. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आणि काम कुठं काढायचं ते ठरवायला पिंपळनेरात बैठक झाली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीजवळ पाझर तलाव हवा होता. पाड्यावरच्या लोकांना पायवाटेचा रस्ता करून हवा होता. पण ते बोलणार कसे? ते दाराशी उकिडवे बसले होते. आदल्या दिवशी पुना अमृतलालच्या दुकानी येऊन गेला होता. मी तिथंच होतो.

"भाऊ, तू सांग," पुना म्हणाला. "तुनं त्या ऐकतीन. रस्ता व्हयना तर मोटर येई. झोळीमा आते कोन्ही मराले नको."

अमृतलालनं मान हलवली, पण हो म्हणाला नाही. पुना गेल्यावर मी त्याला सरळ बोललो. "शहाणा असशील तर गप्प बस. तलावावरही त्यांना मजुरी मिळेलच. रस्ता झाला तर तुझं काय होईल ते कळतंय ना तुला?" तो गूळ बांधत होता, सुतळीची गाठ मारायला त्याला फार वेळ लागला.

बैठकीत सरकारी साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "या वाटेनं जातं कोण?" सगळे अमृतलालकडे पाहू लागले, कारण गावातून त्या वाटेनं रोज जाणारा तोच. त्यानं नुसतं 'मी एकटा' म्हटलं असतं तरी विषय संपला असता, आणि ते अगदीच खोटंही झालं नसतं. मी त्याचा सदरा मागून ओढला.

तो उठला. "साहेब, मी सायकलीवर जातो. माणसं झोळीतून येतात. मोटार जाईल असा रस्ता करा."

मला त्याचा असा संताप आला की घरी येताना मी त्याच्याशी बोललो नाही.

काम लागलं. पाड्यावरची बायामाणसं उन्हात दगड फोडायला बसली. वाटेच्या कडेनं खडीचे ढीग लागले, वळणं रुंद झाली, खिंड तासून खाली आणली. अमृतलाल रोज त्या ढिगांमधून सायकल काढत जायचा. खडीनं टायर फाटायचे, मी ठिगळं लावायचो आणि शिव्या द्यायचो. त्या दिवसांत तो पाड्यावर दोन-दोन खेपा मारायचा, माल असो नसो. का ते मला कळत होतं, म्हणून शेवटी शेवटी मी शिव्या द्यायचंही सोडलं.

मजुरांसाठी मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, पोती घेऊन पहिला ट्रक वर गेला तेव्हा अमृतलाल खिंडीत होता. पुनानं नंतर सांगितलं, की लांबून घरघर ऐकली तसा तो उतरला, सायकल उचलून कडेला झाडात नेली आणि ट्रक जाऊन धुरळा बसेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग सायकल हातात धरून चालत पाड्यावर आला. माल मांडला, डबा खाल्ला, आणि चालतच गावात परतला.

तेव्हापासून तो सगळी वाट चालायला लागला. कॅरिअरवर ओझं आणि हातात सायकल. चढण चढताना पाठ वाकायची. पाड्यावर पोचायला अर्धा दिवस जायचा. महिन्याभरात त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. पुनाच्या पाड्यातली एक अडलेली बाई त्याच ट्रकमधून दवाखान्यात पोचली आणि वाचली, तेव्हा तो माझ्या दुकानात येऊन ते सांगून गेला. तोंडावर हसू होतं, पण मला ते बघवलं नाही.

मी तडक राजकुंवरबाईंकडे गेलो. त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. इतकी वर्षं गल्लीत बोललो ते आता तोंडावर बोललो. "बाई, आता तरी सोडा त्याले. तुमच्या एका नियमापायी जित्ता मानूस मरी ऱ्हायना."

त्यांनी माळ खाली ठेवली. जन्म खानदेशात गेलेला, आमच्याशी आमच्याच बोलीत बोलायच्या.

"मी कोठे बांधं त्याले?" त्या म्हणाल्या. "नियम त्यानीच मांगा, तोताराम. शांती गया तवपासून मोटरना आवाज ऐका का त्याना हातपाय थरथरेत. दुकानमा कापड मोजता मोजता गज हातमाईन पडे. मले म्हने, बाई, लोके भित्रा म्हनतीन. नियम तुना नाववर ऱ्हाऊ दे. मी म्हनं, ऱ्हाऊ दे."

इतकी वर्षं या बाईनं गावाचं बोलणं, त्यातही माझं, मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

"त्या डोंगरमा त्याले भ्याव नही वाटे," त्या म्हणाल्या. "बठ्ठा मुलूखमा तेवढीच एक जागा व्हती. ती बी त्यानी आपलाच तोंडे सांगीसन दी टाकी."

त्यांनी उठून चहा करून दिला. मी तो कसाबसा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलंच नाही. अमृतलाल सायकल घेऊन निघाला तसा त्याच्याबरोबर चालू लागलो. त्यानं कारण विचारलं नाही. पूल ओलांडला, नव्या खडीवर आलो, आणि मागून ट्रकचा हॉर्न वाजला. अमृतलाल तोंडातल्या तोंडात नवकार मंत्र म्हणू लागला. त्याचा हात हँडलवर गच्च आवळलेला होता. मी त्यावर माझा हात ठेवला, आणि ट्रक पार दिसेनासा होईपर्यंत काढला नाही.