बोर्डावरची वाकडी रेघ

गिरणी बंद पडल्यावर बाबा भांडुपला आमच्या चाळीखालच्या मंडळात मुलांना कॅरम शिकवायचे. गणपतीच्या सुमारास एकदा वर येऊन म्हणाले, "गो, बोर्डाची रेघ वाकडी दिसता."

"जुना झालाय बाबा. फुगला असेल ओलीने."

त्यांनी बोर्ड बदलला. होळीपर्यंत ते चहा कपाबाहेर ओतायला लागले, तेव्हा मी त्यांना मुलुंडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा डोळा आतून रक्ताळला होता. डाव्यातही तेच सुरू झालं होतं.

"पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "कच्च्या असतात, पाझरतात. डोळ्यात इंजेक्शन देऊ, त्यातली अँटिबॉडी त्यांची वाढ रोखते. पण जिथे वण पडला, तिथली नजर परत येत नाही. कधीपासून आहे?"

"गणपतीपासून," बाबा म्हणाले. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

दर महिन्याला जायचो. बधिर करणारे थेंब घालायचे, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवायच्या आणि बुबुळाच्या बाजूला सुई. बाबा माझा हात घट्ट धरून बाहेर पडायचे. दुसऱ्या इंजेक्शननंतर डाव्या डोळ्याने त्यांनी पेपरातला मथळा वाचून दाखवला. मी शेजाऱ्यांना पेढे वाटले. घाईच केली. पुढे पावसाळ्यात त्याच डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं. औषध बदललं, तरी पाझर थांबेना.

आता माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात. कडेकडेचं दिसतं, समोरचा माणूस दिसत नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "दोन्हीकडे वण झालाय. आता टोचून उपयोग नाही. त्यांना उगाच त्रास."

"आधी आणलं असतं तर?"

"फरक पडला असता."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, गणपतीतच नेलं असतं तर फरक पडला असता हेसुद्धा. "तुका काय म्हायत," एवढंच म्हणाले आणि भिंत चाचपत मोरीकडे गेले.

पुढच्या महिन्यात त्याच तारखेला सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसले.

"चल गो, उशीर होतलो."

इंजेक्शनं बंद झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं असं नाही.

"डॉक्टर गावाला गेल्यात बाबा," मी म्हणाले.

"मगे थांबया," ते म्हणाले, आणि शर्ट न काढता बसून राहिले.