मामांचा तास आणि अडकलेलं नेट

अर्धांगवायूच्या झटक्यानं ज्यांचं बोलणं गेलंय, त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे माझं काम. कसबा बावड्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर लांबच्या पेशंटांना मी घरूनच, व्हिडिओ कॉलवर शिकवू लागले. त्यांत बिद्रीजवळच्या एका गावातले शेतकरी होते. मी त्यांना मामा म्हणायचे. गोठ्यात म्हशी, दारात ट्रॅक्टर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज. आणि एका सकाळी तोंडातून शब्दच फुटेना. तासाला त्यांच्या शेजारी मामी मोबाईल धरून बसायच्या.

मी लॅपटॉपवर एकेक चित्र दाखवायचे आणि मामा त्याचं नाव सांगायचे, असा आमचा तास. पण त्या हिवाळ्यात माझ्या नेटनं वैर धरलं. कॉल कधी लागायचा, कधी नाही. लागला तर चित्रांची वेबसाइट उघडायची नाही. नुसतं गोल गोल फिरत राहायचं. चित्र आलंच तर मामांचा आवाज तुटायचा. ते घाम फुटेपर्यंत जोर लावून काहीतरी म्हणायचे आणि माझ्याकडं नुसतं "...अस" पोचायचं.

"मामा, परत एकदा म्हणा बघू."

ते परत म्हणायचे. मला परत अर्धंच ऐकू यायचं.

एकदा मामी चिडल्याच. "बोलल्यात की त्यांनी! तुमास्नी ऐकू आलं न्हाय व्हय, बाई?"

मामांनी मान खाली घातली. पुढच्या तासाला ते आलेच नाहीत. मामींनी फोन करून सांगितलं, "न्हाय म्हनत्यात. माझं चुकतंयच, कशाला बसू म्हनून हातानं खुणा करत्यात."

फोन ठेवला आणि मी नेट कंपनीला लावला. याआधीही लावत होतेच; दर वेळी 'राऊटर बंद करून चालू करा' एवढंच उत्तर. या वेळी मी आवाज चढवला, तेव्हा माणूस आला. त्यानं मोबाईलवर स्पीड तपासून मला दाखवला.

"स्पीड फुल हाय की, मॅडम."

"मग वेबसाइट का उघडत नाही?"

"त्या वेबसाइटचाच प्रॉब्लेम असंल."

तो गेला. माझं डोकं इतकं फिरलं की स्वयंपाक बाजूला ठेवून मी लॅपटॉप घेऊन बसले. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीच वेबसाइट झटक्यात उघडली. घरच्या वायफायवर 'सर्व्हरचा पत्ता सापडत नाही' असा निरोप. म्हणजे वेबसाइट धडधाकट होती. शोधत, वाचत गेले तेव्हा कळलं: आपण वेबसाइटचं नाव टाकतो, त्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारा एक सर्व्हर असतो, त्याला डीएनएस म्हणतात. माझ्या नेट कंपनीचा तो सर्व्हर मनाला येईल तेव्हा उत्तर देत होता. राऊटरमध्ये तो बदलायला पासवर्ड लागतो, आणि तो कंपनी देईना. मग मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्येच दुसऱ्या डीएनएसचा नंबर घातला. चित्रं पटापट उघडली. मी एकटीच मोठ्यानं "हां!" म्हणाले.

तो आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, तर तिचा आवाज तसाच तुटत होता.

पुन्हा फोन, पुन्हा वाद. पुन्हा तोच माणूस आला. "आज आत नको, आवाज अजून तुटतोय, बाहेरची वायर बघा," म्हणत मी त्याला खाली घेऊन गेले. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसानं खचाखच भरलेल्या ट्रॉल्या आमच्या रस्त्यानंच जायच्या. खांबावरून आलेली आमची वायर पार खाली लोंबत होती, आणि तिला उसाचं वाळलं पाचट अडकलेलं होतं. ट्रॉल्यांनी ओढून ओढून तिचा जोड सैल केला होता.

"हे आधी सांगायचं न्हाय व्हय, मॅडम?" तो मलाच म्हणाला.

तिथंच उभी राहून मी त्याच्याकडून जोड नवा करून घेतला, वायर वर बांधून घेतली.

रविवारी गाडी काढून मी मामांच्या गावाला गेले. मामा गोठ्याजवळ खाटेवर बसले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"मामा, माझं नेट बिघडलेलं. तुमचं काही चुकत नव्हतं," मी म्हणाले. मी समोरच्या जनावराकडं बोट केलं. "हे काय?"

त्यांनी आधी जनावराकडं पाहिलं. मग रागानंच म्हणाले, "म्हस."

लख्ख, पहिल्या अक्षरासकट.

मामींनी पदर तोंडाला लावला. मला आनंद झालाच, पण त्याहून जास्त संताप आला. हा माणूस कितीतरी दिवस बरोबर बोलत होता आणि मी त्याला 'परत म्हणा' म्हणत होते.

तास पुन्हा सुरू झाले. आवाज तुटला की आता मामी आधी हात वर करतात आणि "तुमचंच अडकलंय" असं बजावतात. मामा आता दोन-दोन शब्द जोडतात. परवा कंपनीनं न विचारता राऊटर बदलून दिला. तेव्हापासून लॅपटॉप माझ्या डीएनएसवर चालतो, पण घरातल्या टीव्हीवर काहीच धड उघडत नाही, आणि नव्या राऊटरचा पासवर्डही ते देत नाहीत. सकाळपासून तीनदा फोन केला. दर वेळी तेच सांगतात, बंद करून चालू करा.