रमजानच्या आधीची फेरी

बाई दाराशी आल्या की आत येत नसत. पायपुसण्यावर उभ्या राहत, डोक्यावरचा पदर सारखा करत, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरत आणि म्हणत, "आत येत नाही. आधी बोलून घेते. माझं काही चुकलं असेल तर माफ कर." एवढ्यावर थांबल्या असत्या तर कुणाचीच हरकत नव्हती. आपण सगळेच सणासुदीला असं काहीबाही म्हणत असतो. पण बाई थांबत नसत. काय चुकलं ते तपशीलवार सांगत.

अमेरिकेत शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये त्या मुलाकडे राहायच्या. कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. त्यांचं नाव मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही ते तोंडात बसलं नाही. माझा मुलगा त्यांना 'बाई आजी' म्हणायचा. तो इंग्रजीत बोलायला लागला की बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहत आणि तो मुकाट्यानं मराठीवर येई. मला हे आजतागायत जमलेलं नाही.

पहिल्यांदा त्या माझ्या दाराशी आल्या तो एप्रिलचा पहिला आठवडा असावा. मी नागपूरची, स्वभावानं जरा तिखट, आणि त्या दिवशी ऑफिसचा कॉल नुकताच संपलेला. बाई म्हणाल्या, "होळीला तू पुरणपोळ्या पाठवल्यास. मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना म्हणाले की पोरीनं पुरण वाटलेलंच नाही, डाळ दाताखाली येते. तुझ्या माघारी बोलले. माफ कर."

आता मला सांगा, यावर माणसानं काय म्हणावं? तोपर्यंत मी समजत होते की पोळ्या उत्तम झाल्या होत्या. काकूंनी तर मला तसं तोंडावर सांगितलं होतं. मी कसनुसं हसून म्हटलं, "इट्स ओके, बाई."

"इट्स ओके नको. माफ केलं म्हण. नाहीतर नाही केलं म्हण."

मी म्हटलं, "उद्या सांगते." आणि खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी सांगितलं. मधले दोन दिवस त्या खाली पार्किंगमध्ये भेटल्या तेव्हा नेहमीसारख्या बोलल्या, विषयसुद्धा काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी "माफ केलं" म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुरण कुठल्या चाळणीतून काढायचं ते समजावून सांगितलं.

रमजानच्या आधी बाईंची ही फेरी असे. मुलाच्या घरी तयारी चालायची ती निराळी. सून शनिवार-रविवार बसून समोसे भरून फ्रीझरमध्ये रचायची, खजुरांचे खोके यायचे, पहाटेच्या जेवणासाठी काय काय करून ठेवायचं त्याची यादी फ्रिजवर लागायची. बाई स्वतः महिनाभर आधीपासून चहा कमी करत आणायच्या, कारण एकदम सोडला की पहिले चार रोजे डोकं धरून काढावे लागतात. पण हे सगळं त्यांच्या लेखी वरवरचं होतं. "पोटाची तयारी सून करते," त्या म्हणायच्या. "माझी तयारी दारोदार आहे."

एकदा मी त्यांना विचारलं, देवाकडे मागायची ना माफी, आमच्याकडे कशाला येता? त्यांनी वर्गात ढ मुलाला सांगावं तसं सांगितलं. "नमाज चुकली, रोजा चुकला, ते अल्लाहचं आणि माझं. तो बघून घेईल. पण तुला दुखावलं ते तूच सोडायचं. त्यात तोही मध्ये पडत नाही. माणसाचं माणसालाच विचारावं लागतं."

या फेरीनं आमच्याकडे जितकी भांडणं मिटली त्यापेक्षा जास्त उभी राहिली असतील. तिसऱ्या मजल्यावरच्या ठाण्याच्या गृहस्थांना बाईंनी सांगितलं, "तुमच्या मुलाला मराठी येत नाही, कारण घरात तुम्हीच इंग्रजी झाडता, असं मी चारचौघांत म्हणाले." गृहस्थ आठवडाभर धुमसत होते. मग बाई त्यांच्याकडे पुन्हा गेल्या, आधीच्या माफीनं त्यांना वाईट वाटलं त्याची माफी मागायला. शेवटी त्यांच्या बायकोनंच "माफ केलं, माफ केलं, आता चहा घ्या" म्हणून तो प्रश्न निकालात काढला. आमच्या लीजिंग ऑफिसमधल्या, भाड्याचं बघणाऱ्या अमेरिकन बाईलाही त्यांनी सोडलं नाही. तिला मनातल्या मनात आळशी म्हटलं होतं, ते तिला शुद्ध इंग्रजीत जाऊन सांगितलं. माफी मागायला कुणी ऑफिसात येतं हे त्या बिचारीला ठाऊकच नसावं. तिनं काहीतरी तक्रार असेल समजून अपार्टमेंटचा नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हीटर तपासायला माणूस पाठवला.

त्यांच्यात अधिक महिना नसल्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. चार वर्षांत बाईंची फेरी एप्रिलमधून मार्चमध्ये आली आणि मग फेब्रुवारीच्या बर्फात. साडी, त्यावर मुलाचा जुना ढगळ कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट अशा त्या पार्किंग ओलांडून येताना दिसल्या की आम्ही एकमेकांना मेसेज करायचो, "निघाल्या." हसायचो. पण त्या येऊन गेल्या की दार लावताना दर वेळी मला वाटायचं, आपण कुणाकुणाबद्दल काय काय बोललोय हे आपल्याला आठवतं तरी का? बाईंना सगळं आठवायचं. दुसऱ्यांनी त्यांना काय म्हटलं ते मात्र त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

फेरी संपली की मी विचारायची, "झालं का सगळं, बाई?"

"एक राहिलं," त्या म्हणायच्या, आणि लगेच माझ्या मुलाचा अभ्यास काढायच्या.

पहिल्या वर्षी एक राहिलं होतं, दुसऱ्या वर्षी एक राहिलं होतं, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीही. मला वाटायचं, असेल कुणी गावाकडचं.

गेल्या वर्षी रमजानला आठवडा उरला असताना शनिवारी सकाळी त्या आल्या आणि चक्क आत येऊन सोफ्यावर बसल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाल्या, "मला नेपरव्हिलला सोडशील? माझी मुलगी राहते तिथं."

बाईंना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. आमच्यापासून जेमतेम चाळीस मिनिटांवर.

"मुलाला का नाही सांगत?" मी विचारलं.

"तो आधी तिला फोन करेल. तिची समजूत घालून ठेवेल. मला तशी माफी नको."

मी म्हटलं, निदान काहीतरी घेऊन जाऊ, समोसे तरी. तर म्हणाल्या, "हातात काही नको. डबा दिला की माणूस भिडेला पडतं."

हायवेवर बर्फाचे ढीग दोन्ही बाजूंना काळे पडले होते.  समोर बघत, एकसुरात, बाईंनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्या मुलीकडेच राहत होत्या. मुलगी एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दिवसरात्र कामात. तिला सहावा महिना होता आणि मूल गेलं. ती हॉस्पिटलमधून घरी आली, आणि बाई तिला म्हणाल्या, "नोकरीच्या मागे धावलीस, म्हणून गेलं."

"मी रडत होते तेव्हा," बाई म्हणाल्या. मग लगेच, "पण ते सांगायचं नाही तिला. रडत होते तर काय झालं."

 त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलीचा भाऊ येऊन आईला घेऊन गेला. तेव्हापासून दोघींमध्ये एक शब्द नव्हता. चार वर्षं बाई साऱ्या कॉम्प्लेक्सच्या दारांवर उभ्या राहून पुरण आणि हीटरच्या माफ्या मागत होत्या, आणि या एका दारापाशी जायला त्यांचे पाय धजत नव्हते. "सगळीकडे सराव करत होते म्हण," त्या म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

मी गाडीतच थांबणार होते, पण ड्राइव्हवेवर बर्फ गोठून काच झाला होता, म्हणून त्यांचा हात धरून दारापर्यंत गेले. बेल मी वाजवली. 

मुलीनं दार उघडलं. गळ्यात हेडसेट, केस वर बांधलेले. आईला बघून तिचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. मी हळूच मागे सरले, पण तिथून जाणार कुठे? सगळं ऐकू येत होतं.

बाई म्हणाल्या, "आत येत नाही. तू हॉस्पिटलमधून आलीस त्या दिवशी मी तुला म्हणाले की नोकरीच्या मागे धावलीस म्हणून बाळ गेलं. ते खरं नव्हतं. आणि खरं असतं तरी आईनं म्हणायचं नव्हतं. मला माफ कर."

एवढंच. त्यात कुठेही 'पण' नव्हता. मी रडत होते, मला सुचलं नाही, माझंही नातवंड होतं, यातलं काही नव्हतं. मी माझ्या आयुष्यात मागितलेल्या सगळ्या माफ्या तिथे उभ्या उभ्या आठवल्या. 'पण' नसलेली त्यात एकही नव्हती.

मुलगी दाराची कड धरून उभी होती. म्हणाली, "अम्मी, मला नाही जमणार. आय जस्ट कान्ट. आत्ता नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

"बीपीच्या गोळ्या घेतेस ना? रोजे ठेवायच्या आधी डॉक्टरला विचार."

"विचारलंय."

मग दार बंद झालं. आपटलं नाही, हळू लागलं.

गाडीत बसल्यावर माझा तोल सुटला. मी म्हटलं, चार वर्षं झाली, एवढ्या बर्फात तुम्ही दाराशी आलात, शेवटी आई आहात, दोन शब्द म्हणायला काय जात होतं तिचं?

"गप्प बस," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला त्या पहिल्यांदाच रागावल्या. "तिला नाही म्हणता येत नसेल तर मी विचारलं कशाला? वसुलीला आले होते का मी?" मग आवाज खाली आला. "तिचं मूल गेलं होतं गं. तिला हवा तेवढा वेळ लागू दे. मला विचारायलाच चार वर्षं लागली."

मी विचारलं, "मग आता रोजे?"

"ठेवणार की. जड जातील, एवढंच." मग म्हणाल्या, "गाडी दुकानापाशी थांबव. सूनबाईनं पुदिना सांगितलाय." आणि खरोखरच त्यांनी दुकानात उभं राहून पुदिन्याच्या चार जुड्या परत ठेवल्या आणि पाचवी घेतली. मी बाहेर गाडीत बसून रडले. बाईंबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो मला पूर्वी कुणाबद्दल वाटल्याचं आठवत नाही, आणि हे मी त्यांना कधी सांगितलंही नाही.

रमजान गेला. ईद झाली. मुलीचा फोन आला नाही. बाईंनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी आमच्या पार्किंगमध्ये एक अनोळखी गाडी उभी राहिली. बाईंची मुलगी उतरली. सातवा महिना असावा. ती वर गेली, तासाभरानं बाईंची बॅग घेऊन भाऊ खाली आला, आणि मागून बाई. आम्ही चार-पाच जण निरोपाला जमलो. बाईंनी प्रत्येकाला "येते" म्हटलं, माझ्या मुलाला पाढे विचारले आणि पुढच्या सीटवर बसल्या. पट्टा त्यांना लावता येईना, तो मुलीनं वाकून लावला. 

यंदा रमजानच्या आधी कुणी आलं नाही. दोन शनिवार मी उगाच खिडकीशी घुटमळले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई, यंदा आपल्याबद्दल कोण काय म्हणालं ते कळायचं नाही," आणि मग दोघींनाही कसंतरीच झालं. शेवटी एका दुपारी मीच बाईंना फोन लावला.

त्या फार हळू आवाजात बोलत होत्या. बाळ दोन महिन्यांचं झालंय, मुलगी आहे, केस भरपूर आहेत. चहा दोन कपांवर आणलाय. इकडचं तिकडचं झाल्यावर मी मनात होतं ते विचारलंच. "बाई, माफ केलं का तिनं?"

"नाही गं. तसं अजून म्हणाली नाही."

 पलीकडून बाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि आणखी एक, बारीक.

"रात्रभर जागी होती बिचारी," बाई म्हणाल्या. "आत्ता बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून झोपली. दोन तास झाले." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "ठेव आता फोन. उठेल."