आहेराचा शंख

अमरावतीच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे दगडांचे ट्रे लावायचे, पोरांनी ते कालवून ठेवले की पुन्हा लावायचे, आणि लेक्चररची जागा कधी निघते याची वाट पाहायची. आमच्या वऱ्हाडात जिथे खणाल तिथे काळा कातळ लागतो, समुद्राचा मागमूस नाही. पण कॉलेजची सहल एकदा मद्रास राज्यातल्या चुनखडीच्या खाणींकडे गेली आणि तिथल्या एका ढिगाऱ्यात मला तो सापडला. अंगठ्याएवढा, निमुळता, दगड होऊन पडलेला समुद्री शंख. त्याची आणखी काही भावंडं वेचून मी रुमालात बांधून आणली. खरा समुद्र मात्र मी तोवर पाहिलेला नव्हता.

साफ करायला घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा पुस्तकातला नाही. अकोल्याच्या एका हॉटेलवाल्याकडून ग्रामोफोनच्या बोथट झालेल्या सुया मी मागून आणत असे. काडीच्या टोकाला सुई बांधायची आणि भिंगाखाली एकेक कण खरवडायचा. जोर जास्त झाला की शंखाची नक्षीच निघून येते, त्यामुळे श्वास धरून काम करावं लागतं. त्याच्या प्रत्येक वेढ्यावर, वरच्या शिवणीला लागून, बारीक मण्यांची दुहेरी ओळ होती. त्याच्या सगळ्या नातलगांना ती एकेरी असते. लहानपणी दुहेरी आणि मोठेपणी एकेरी असं तर नाही ना, म्हणून मी लहान-मोठे सगळे शंख तपासले. सगळ्यांना दुहेरीच होती. कलकत्त्याहून मागवलेले जुने ग्रंथ पानन् पान चाळले. मग मापं घेतली, चित्रं काढली आणि वर्णन लिहायला बसलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नव्या प्रजातीचं वर्णन जो पहिल्यांदा छापतो, त्याचं आडनाव तिच्या लॅटिन नावामागे कायमचं लागतं. पुढे जगात कोणीही त्या शंखाबद्दल लिहिलं तरी ते आडनाव लिहितोच. स्वतःचं नाव मात्र आपण शंखाला देत नाही, तो निर्लज्जपणा समजतात. मला हवं होतं ते मागचं आडनाव. आमचं आडनाव ऐकून लोक पाण्याचा पेला कुठे ठेवायचा ते ठरवत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, पण आडनाव तेच राहिलं आणि पेलेही बरेचसे जिथल्या तिथे राहिले. ते आडनाव एका शंखामागे मानाने उभं राहावं, एवढीच माझी हाव होती.

आमचे विभागप्रमुख गोड बोलणारे गृहस्थ होते. बाकीच्यांना ते आडनावापुढे राव लावून हाक मारत. मला म्हणत, "अहो डेमॉन्स्ट्रेटर." माझं आडनाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या काळी कुठलाही लेख आधी विभागप्रमुखांच्या हातात द्यायचा, इंग्रजी तपासायला, आणि त्यांनी तो पाठवायचा, असा शिरस्ता होता. सोबत नमुनेही द्यायचे, म्हणजे ते संग्रहालयात रवाना होतात. मी लेख, चित्रं आणि कापसात गुंडाळलेले शंख असं सगळं दोन्ही हातांनी त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, सवडीने पाहतो. त्यांची सवड मोठी लांबली. मीही विचारलं नाही, कारण लेक्चररच्या जागेची शिफारस त्यांच्याच सहीने व्हायची होती.

एके दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. लेख छापून आला होता. चित्रं माझी, मापं माझी, वाक्यंसुद्धा बहुतेक माझीच, आणि लेखक म्हणून नाव त्यांच्या एकट्याचं. शेवटी नमुने गोळा करायला मदत केल्याबद्दल माझे आभार होते. आणि शंखाला त्यांनी नाव दिलं होतं माझं. आडनावाला लॅटिन शेपूट लावून. जे आडनाव त्यांच्या जिभेवर कधी आलं नाही, ते त्यांनी छापून काढलं, आणि त्याच्यामागे कायमचं त्यांचं स्वतःचं.

"तुम्हाला अमर करून टाकलं, बरं का," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी हसलो. पेढाही खाल्ला. तक्रार तरी काय करणार होतो? प्राचार्यांकडे जाऊन सांगायचं, की साहेब, यांनी माझा फार मोठा सन्मान केला, याचा काही बंदोबस्त करा? चोर सापडतो, पण पाया पडायला लावून चोरी करणाऱ्याला धरणार कसं? आजही ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

शनिवारी एस.टी.ने बार्शीटाकळीला आईकडे गेलो. विभागप्रमुखांनी उरलेल्या पेढ्यांची पुडी मला दिली होती, ती बरोबर होतीच. आई शेतातल्या निंदणाहून येऊन चुलीपाशी बसली होती. तिच्यामागे फळीवर लग्नातल्या आहेराची चार पितळी भांडी होती, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव घातलेलं. आईला वाचता येत नव्हतं, पण पाण्याचा गडवा मागायचा तर ती म्हणे, मामाचा गडवा आन. भांडं आमच्या घरात जन्मभर वापरलं तरी ते देणाऱ्याच्या नावानेच ओळखायचं, ही आमच्याकडची रीत.

मी तिला सगळं सांगितलं. शंखाला माझं नाव दिलं म्हटल्यावर ती आधी खूश झाली.

"नाव तं आलं नं तुयं, मंग तोंड पाडून काहून बसला?"

मी फळीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, शंख मी शोधला, मीच घासूनपुसून वर आणला, आणि सरांनी त्याच्यावर देणारा म्हणून स्वतःचं नाव घालून तो मलाच दिला. जग आता तो त्यांच्या नावानेच ओळखणार.

आईने हातातली भाकर थापून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "म्हन्जे भांडं आपलं, अन् आहेर त्याचा."

पेढा तिने खाल्ला नाही. पुडी तशीच बांधून परत माझ्या पिशवीत ठेवली.

पुढे मी लेक्चरर झालो, तेही सरांच्याच शिफारशीने, म्हणजे आणखी एक आहेर. त्याच ढिगाऱ्यातला आणखी एक वेगळा शंख माझ्याकडे होता, आखूड आणि फुगीर. नवं काही आहे का, असं सरांनी एकदा विचारलं. मी नाही म्हणालो आणि तो खणात ठेवून दिला. ते निवृत्त झाल्यावरसुद्धा मी त्याच्यावर एक ओळ लिहिली नाही. हात धजला नाही, दुसरं काय? नुकसान माझंच झालं, हे मला कळतं. बऱ्याच वर्षांनी तो दुसऱ्याच कोणाला सापडला आणि त्याने छापला. त्याच्यामागे आता त्या परक्या माणसाचं नाव आहे. तो लेख वाचून मला फार वाईट वाटलं, पण निदान तो शंख मला कोणी भेट तरी दिला नव्हता.